गुडघा नवा, पाऊल बधिर

आज थोडं घरचंच लिहितो. पण तुमच्याही घरी कामाला येईल म्हणून लिहितो.

आमची आई तिगावची. जन्मभर कापूस वेचला, संत्र्याच्या बागेत राबली. सत्तरीच्या आत दोन्ही गुडघे गेले. उजव्याचं ऑपरेशन नागपूरला केलं. ऑपरेशन चांगलं झालं, एक्स-रे चांगला आला, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलंही टाकली. आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "सक्सेस झालं."

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बाबू, पंजाले कायीच समजत नाही." राउंडवर विचारलं, तर उत्तर आलं, "होईल हळूहळू." मीही तिला तेच सांगितलं. सुट्टी झाली, गाडी करून तिगावला आणलं.

घरी आल्यावर ती काही बोलेना. पण चालताना उजव्या पायातली चप्पल अंगणातच राहायची आणि ती तशीच पुढे जायची. आम्ही हसलो. नंतर बायकोनं प्रेमानं गरम पाण्याची पिशवी लावून दिली. सकाळी पाहिलं तर पावलावर फोड! आईला पत्ताच नव्हता. मी रागावलो, "सांगितलं का नाही?" तर म्हणाली, "कायले सांगू? तुमचे एवढे पैसे लागले."

ते वाक्य अजून कानात आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत सात आठवडे झाले होते. त्यांनी आधी विचारलं, "आई, पंजा वर उचला." उचलता येईना. मग नसेची तपासणी झाली. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड आहे, त्याला वळसा घालून एक नस पायाच्या पंजाकडे जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली गेली किंवा घट्ट पट्टीखाली, आतल्या रक्ताच्या गाठीखाली दबली, तर पावलाची वरची बाजू बधिर होते आणि पंजा लोंबतो. ज्यांचा पाय गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला वाकडा झालेला असतो किंवा गुडघा वर्षानुवर्षं सरळ होत नसतो, त्यांना हा धोका जास्त. आईचा गुडघा तसाच होता. म्हणजे कोणी चूक केलीच असं नाही. पण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आपल्याकडे या ऑपरेशनचं नाव घरोघरी झालं ते अटलजींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये एक आणि जून २००१ मध्ये दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले. करणारे डॉ. चित्तरंजन राणावत, आपल्याच मध्यप्रदेशात जन्मलेले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीच्या गुडघ्याची किंमत दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आली. भीती कमी झाली, खर्च कमी झाला. ऑपरेशननंतर घरी काय पाहायचं, हे शहाणपण मात्र आपल्या घरात अजून आलं नाही. आपण डॉक्टरचं नाव विचारतो, पॅकेज विचारतो, आणि टाके निघाले की विषय संपवतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटणं बहुतेकांना होतं. ते महिन्यामहिन्यानं कमी होतं, थोडं राहतंही, त्याला घाबरू नका. पण इंजेक्शनचा असर उतरल्यावरही पाऊल बधिर असेल, पंजा वर उचलत नसेल, तर त्याच दिवशी सांगा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पोटरी सुजून दुखू लागली, पाय थंड किंवा पांढरा पडला, दम लागला, तर रात्र काढू नका. दोन्ही तळपायांत मोजे घातल्यासारखं वाटत असेल तर शुगर, बी-१२ आणि कंबर तपासा, ते ऑपरेशनच्या आधीच केलेलं बरं. बधिर पायाला शेक तर कधीच देऊ नका.

दवाखान्यांनाही एक विनंती. आमच्यासारखे लोक शंभर किलोमीटरवरून येतात. सुट्टीच्या कागदावर औषधांखाली चार ओळी मराठीत-हिंदीत लिहा: काय दिसलं तर फोन करायचा, आणि कोणत्या नंबरवर.

आईला पंजा धरून ठेवणारा पट्टा दिला, व्यायाम लावले. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणून महिने लागतात. आज चौदा महिने झाले. पंजा बराचसा उचलतो, अंगठ्याजवळ अजून समजत नाही. मागून पट्टा असलेली सँडल घालते. या वर्षी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला हळूहळू चालत गेली.

आता मी रोज संध्याकाळी विचारतो, "आई, पंजा दाखव." ती हसून उचलते. तुमच्या घरी कोणाचं ऑपरेशन झालं असेल, तर आजच विचारा. आपल्या माया स्वतःहून सांगत नाहीत.