बक्षिसाची सहल आणि जोडीची अट

मैत्रिणींनो, मॉलच्या नाहीतर प्रदर्शनाच्या दाराशी कुणी आडवं येतं ना? “ताई, नुसतं नाव अन् फोन नंबर लिहा, लकी ड्रॉ आहे!” चार दिवसांनी फोन: “अभिनंदन! तीन दिवसांची सहल बक्षीस. मात्र जोडीनंच या हं.” ही अट मुद्दाम असते. “यांना विचारून सांगते” ही आपली हक्काची सबब तिथं चालू नये म्हणून! मग हॉटेलात दोन-दोन तास गोड बोलणं, अन् “सवलत आजच्यापुरतीच” असा धोशा. हॉलिडे क्लबचं सभासदत्व लाखांच्या घरात जातं. वर दरवर्षीची देखभाल-फी, सहलीला जा की नका जाऊ.

तेव्हा कूपन भरूच नका. गेलातच तर तिथल्या तिथं पैसे देऊ नका. करार घरी आणून सावकाश वाचा. तोंडी कबूल केलेलं त्यात लिहिलंय का, रद्द केल्यास पैसे किती परत, ते बघा. करार घरी नेऊ देत नसतील, तर काय ते समजा!

फसगत झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भीड ही भिकेची बहीण, बरं का!