काट्याला न दिसणारी चरबी

आमच्या चिचगडकडे भरल्या अंगाचा माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा आणि हडकुळा म्हणजे काटक, असा सरळ हिशेब आहे. माझे मामा दुसऱ्या प्रकारातले. हातपाय काडीसारखे, रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकलेले. फक्त बनियनखाली पोट तेवढे पुढे आलेले. एका शिबिरात त्यांना काट्यावर उभे केले आणि ‘तुम्हाला काय होणार?’ म्हणून परत पाठवले. वर्षभराने पायाची जखम भरेना, तेव्हा मधुमेह उघडकीस आला.

मित्रहो, चूक काट्याची नव्हती. चरबी किती एवढेच आपण विचारतो. ती कुठे आहे हे विचारतच नाही. तळपायाची चरबी गादीचे काम करते. मांड्या-नितंबांवरची चरबी सुरक्षित कोठारासारखी असते. बाळंतपणानंतर दुधासाठी तीच उपयोगी पडते. (त्यावरून वर्गातल्या मुलींना चिडवणाऱ्या बंधूंनी हे वाक्य पुन्हा वाचावे!) पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र निराळी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात आणि इन्शुलिनचे काम बिघडू लागते. शरीराच्या वरच्या भागातील स्थूलता अधिक घातक, हे फ्रान्सचे डॉ. झां व्हाग यांनी १९४७ मध्येच मांडले होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी बरीचशी टिकून राहिलेली.

कोणी म्हणेल, धानाच्या या जंगलपट्टीत कुपोषणावर लिहायचे सोडून चरबीचे चोचले कशाला? मला वाटते, हा एकच प्रश्न आहे. गर्भारपणी पुरेसे न खाल्लेल्या आईचे बारीक बाळ मोठेपणी बारीकच दिसते, आणि त्याचा धोका म्हणूनच कोणाच्या नजरेत येत नाही. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. ती मोजायला यंत्र लागत नाही. प्रत्येक शिबिरात काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवावी आणि बारीक माणसाचीही रक्तातील साखर तपासावी, एवढीच माझी मागणी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी मामांची कंबर मोजली. ९६ सेंटिमीटर भरली. मामा हसून म्हणाले, ‘‘पोरा, सदरा शिवतोस का?’’