डोळ्यांच्या कडेला काय लावावं?

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक ते वय आणि दुसरा त्या वयात लागणारा, जवळचं वाचण्याचा चष्मा. चष्मा लावला तर वय दिसेल, म्हणून पुष्कळ जण दोन-तीन वर्षं तो टाळतात. मोबाइल हात लांब करून धरायचा, भुवया आक्रसायच्या, डोळे बारीक करायचे आणि कसाबसा मेसेज वाचायचा. दिवसातून शे-दीडशे वेळा. म्हणजे एक चाळिशी लपवायच्या नादात दुसरी चेहऱ्यावर ठळक होत जाते.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात माणसं येतात ती रक्तदाब, साखर, थायरॉइडसाठी. पण गोळ्या लिहून झाल्या आणि कागद हातात पडला, की उठता उठता एक प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, डोळ्यांच्या कडेला या सुरकुत्या पडल्यात, काही लावायला द्या ना.’’ पूर्वी हा प्रश्न बहुतेक करून बायका विचारायच्या, आता पुरुषही विचारतात. लग्नाला उभ्या असलेल्या मुलांचे वडील तर हमखास. प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. पण तो ऐकला की मी आधी उलटा प्रश्न करते, ‘‘आत्ता काय लावताय?’’ कारण त्या सुरकुत्यांनी आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. त्यांच्यावर चोळल्या जाणाऱ्या ट्यूबमुळे मात्र डोळे गेलेले आहेत.

ती ट्यूब पुढे येईलच. आधी या रेषा पडतात कशा, ते पाहू. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तिच्याखाली चरबीचं अस्तर जवळपास नाही, तेलाच्या ग्रंथीही थोड्या. त्या कातडीला चिकटून डोळ्याभोवती कड्यासारखा एक स्नायू असतो. पापणी मिटणं, मनापासून हसणं, उन्हात डोळे बारीक करणं ही सगळी कामं त्याचीच. तो आक्रसला की बाहेरच्या कोपऱ्यात कातडीला चुण्या पडतात. तरुणपणी स्नायू सैल झाला की चुण्या मोडतात, कारण कातडीतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे तिला पुन्हा ताणून धरतात. वय वाढतं, ऊन लागतं, धागे विरत जातात आणि चुणी तशीच राहते. रोज एकाच जागी दुमडलेल्या साडीचं जसं होतं तसंच.

यातलं हसणं कुणी बंद करावं, असं कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. सुरकुत्या पडतील म्हणून हसू आवरणाऱ्या मंडळींबद्दल मी ऐकलं आहे. त्यांना माझा नमस्कार. पण डोळे बारीक करणं बहुतेक वेळा टाळता येतं आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. चष्म्याचा नंबर बदललेला असतो, मोतीबिंदू सुरू झाल्याने समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटतो, डोळे कोरडे पडून चुरचुरतात किंवा ॲलर्जीने खाजतात आणि माणूस ते दिवसभर चोळत राहतो. हे सगळं तपासता येतं, बरंही करता येतं. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात नंबर काढून मिळतो. कडेच्या रेषांसाठी हजार रुपयांचं क्रीम आणण्याआधी चष्म्याचा नंबर काढून घ्या, हा सल्ला ऐकून लोकांचा चेहरा पडतो. क्रीमची चिठ्ठी मिळेल, असं वाटलेलं असतं ना!

दुसरं कारण ऊन, आणि ते सगळ्यात मोठं. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे असतात. ‘यूव्हीबी’ कातडी वरून भाजतात आणि काचेने बऱ्यापैकी अडतात. ‘यूव्हीए’ खोल जातात, कोलॅजन तोडतात आणि साध्या काचेतून पुष्कळसे आत येतात. ढगाळ दिवशीही ते असतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं होतं. हा माणूस २८ वर्षं अमेरिकेत मालाचा ट्रक चालवत होता. तिकडे चालक गाडीत डावीकडे बसतो. खिडकीच्या बाजूचा त्याचा डावा गाल आणि डावा डोळा खोल सुरकुत्यांनी भरलेला होता, उजवी बाजू पुष्कळच तरुण. वय तेच, चेहरा तोच. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. घरात कुणी वर्षानुवर्षं एसटी, टेम्पो किंवा टॅक्सी चालवत असेल, तर त्यांचा उजवा डोळा एकदा नीट पाहा.

उन्हापासून बचाव केला तर खरोखर फरक पडतो का? पडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं, निम्म्यांना आपापल्या मर्जीवर सोडलं होतं. रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी भरलं. ती माणसं गोरी होती, हे खरं. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हेच एक संरक्षण असतं, त्यामुळे सुरकुत्या आपल्याकडे उशिरा येतात आणि त्याआधी डोळ्यांखालचा काळसरपणा व डाग दिसू लागतात. पण संरक्षण म्हणजे सूट नव्हे. दहा ते चार रानात किंवा रस्त्याच्या डांबरकामावर उभ्या असलेल्या पस्तिशीच्या बाईचं वय चेहऱ्यावरून ओळखायला गेलात, तर चुकाल.

दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघालेल्या मुली पुण्यात काय किंवा नागपुरात काय, सगळीकडे दिसतात. पद्धत उत्तम आहे. मात्र त्यात उघडी काय राहते, तर नेमकी डोळ्यांभोवतीची पट्टी, म्हणजे सगळ्यात पातळ कातडी. वर वारा आणि धूळ, त्यामुळे डोळे बारीक केलेले. स्कार्फबरोबर गॉगल हवाच. काचेवर ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असा उल्लेख असावा आणि काच बाजूंनी रुंद असावी. नुसती काळी काच नको. काळोखाने बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते आणखीच आत शिरतात. शेतात काम करणाऱ्यांना गॉगल हा चेष्टेचा विषय वाटतो. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी किंवा कपाळाच्या पुढे ओढलेला पदर. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. बुबुळावर चढत येणारं मांस आणि मोतीबिंदू या दोन्हींत उन्हाचा वाटा आहे. टोपी सुरकुत्या अडवते ती वरकड.

सनस्क्रीन ज्यांना परवडतं त्यांनी एसपीएफ ३० किंवा जास्त, शिवाय ‘पीए+++’ लिहिलेलं घ्यावं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पट्टी काढली तर जेवढं होईल तेवढं लागतं. आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी. डोळ्यांत गेलं की झोंबतं म्हणून लोक कडेची जागा सोडून देतात. तिथे झिंक ऑक्साइड असलेलं लावा, ते कमी झोंबतं. चेहऱ्याला थोडा पांढुरकेपणा येतो, येऊ द्या. ज्यांना परवडत नाही त्यांना त्यासाठी उसनवारी करायला मी सांगत नाही. सावली फुकट आहे.

विडी-सिगारेटचं थोडक्यात. धूर कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसवतो आणि कोलॅजन तोडतो. ब्रिटनमधल्या डग्लस मॉडेल या डॉक्टरांनी १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘स्मोकर्स फेस’ असा शब्दच वापरला. कश ओढताना धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिचकावले जातात, ते वेगळंच. आणि भरपूर पाणी प्यायल्याने सुरकुत्या जातात, हा समज डोक्यातून काढून टाका. तहान लागली की पाणी प्यावं. बटाट्याच्या चकत्यांनी थंड वाटतं, एवढंच. लिंबाचा रस मात्र डोळ्यांजवळ कधीही नको. त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात.

मग पडलेल्या सुरकुत्या सौम्य करायला काहीच नाही? आहे. साधं मॉइश्चरायझरसुद्धा कातडीचा वरचा थर पाण्याने फुगवतं आणि बारीक रेषा काही तास कमी दिसतात. महागड्या ‘आय क्रीम’च्या जाहिरातीतला आधी-नंतरचा फरक पुष्कळदा एवढाच असतो. खरा पुरावा आहे तो ट्रेटिनॉइनचा. ते ‘अ’ जीवनसत्त्वाचं भावंड. मूळ उपयोग मुरमांवर. अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८०च्या दशकात त्याचा उन्हाने जून झालेल्या कातडीवरचा परिणाम दाखवला. पण ते महिनोन्‌महिने लावावं लागतं, सुरुवातीला आग होते, सालपटं निघतात, पापणीवर लावायचं नसतं आणि गरोदरपणात तर मुळीच नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्याचं सौम्य रूप, परिणामही सौम्य.

बोटॉक्सचा जन्म तर डोळ्यांच्या दवाखान्यातलाच. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार यांवर ते वापरत असत. १९८७ च्या सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं, की इंजेक्शन दिलं की रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही नाहीशा होतात. डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई आणि पुन्हा बिल. ज्यांना हवं आणि झेपतं त्यांनी जरूर घ्यावं, मला त्यात नैतिक आक्षेप नाही. मात्र ते जाणकार डॉक्टरकडून घ्यावं. पार्लरमध्ये फेशियलबरोबर सवलतीत मिळणारी ही गोष्ट नव्हे. औषध थोडं इकडे-तिकडे पसरलं तर पापणी खाली पडते आणि काही आठवडे तशीच राहते.

आता ती ट्यूब. ‘‘काय लावताय?’’ या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर असतं, ‘‘मेडिकलवाल्याने दिलंय, छान आहे, चेहरा उजळतो.’’ ट्यूब पाहिली की बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. हे स्टिरॉइड. इसब, सोरायसिस यांवर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं, तर गुणकारी औषध. पहिले काही आठवडे चेहऱ्यावरही ते जादू करतं. रक्तवाहिन्या आक्रसतात, लाली जाते, रंग फिका होतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि ट्यूब थांबवली की आग आग होते. म्हणून माणूस पुन्हा लावतो. सुरकुत्या कमी करायला घेतलेलं क्रीम कातडी विरवून सुरकुत्या वाढवतं. डोळ्यांभोवती महिनोन्‌महिने लावलं तर पातळ कातडीतून ते आत मुरतं, डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि काचबिंदू होऊ शकतो. त्यात बहुधा दुखत नाही. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूची निदान शस्त्रक्रिया तरी होते.

हे अपवादाने घडणारं नाही. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. साधारण दर सात जणांत एक. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम आहे. कुठल्याही बाजारपेठेत उभं राहून तो किती पाळला जातो ते पाहावं. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. ‘‘चेहऱ्याला काहीतरी द्या’’ म्हटल्यावर विचार न करता तीच ट्यूब लिहिणारे माझे व्यवसायबंधूही कमी नाहीत.

दुसरी भीती पाऱ्याची. बिनलेबलची किंवा बाहेरदेशातून आली म्हणून सांगितली जाणारी उजळपणाची क्रीम पार डोळ्यांखालपर्यंत चोळली जातात. अशा क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून प्रथिनं गेल्याचे रुग्ण केरळमधल्या मलप्पुरममध्ये आढळले, आपल्या अकोल्यातही आढळले. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत इतर प्रसाधनांत पाऱ्याचा अंश दहा लाख भागांत एकापेक्षा जास्त नसावा, असं म्हटलं होतं; डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांना मात्र ७० भागांपर्यंत मुभा होती. सगळ्यात पातळ कातडीला सगळ्यात मोठी सूट! ही सूट कशाला हवी, हे मला आजवर पटलेलं नाही.

करायचं ते अवघड नाही. औषध दुकानांच्या तपासणीत या १४ मलमांची विक्री चिठ्ठ्यांशी ताडून पाहता येईल. आम्ही डॉक्टरांनी गोळ्यांची यादी विचारताना क्रीमही विचारावं. चेहऱ्याला काही महिने स्टिरॉइड लावलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा दाब एकदा मोजून घ्यावा. तपासणी काही मिनिटांची असते. आणि तुमच्याकडे अशी ट्यूब असेल, तर ती घाबरून एकदम फेकू नका. अचानक थांबवल्याने चेहरा भडकतो आणि लोक पुन्हा त्याच दुकानात जातात. त्वचारोग विभागात या आणि येताना ट्यूब, असेल तर तिचं खोकंही, बरोबर आणा. नाव आठवत नाही, पिवळी होती, एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही.