ताऱ्यांचा झोत प्रयोगशाळेत, संधी मराठवाड्याच्या दारात

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या. त्या टकरीतून प्लाझ्माचा झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडला होता. लायगोसारखीच वेधशाळा आता नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे.

प्लाझ्मा म्हणजे काय?
वायू प्रचंड तापला की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ही पदार्थाची चौथी अवस्था. आकाशात कडाडणारी वीज हा प्लाझ्माच.

झोताचा अभ्यास कसा होतो?
तारा प्रयोगशाळेत आणता येत नाही. पण धरणाची छोटी प्रतिकृती करून खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात पाण्याचे वागणे तपासतात, तसेच इथेही करता येते. शक्तिशाली लेसर कणभर पदार्थावर मारला की काही मिलिमीटरचा झोत उसळतो. दाब वातावरणाच्या दहा लाख पटींवर जातो आणि सेकंदाच्या काही अब्जांशात सारे संपते. वेग, घनता, चुंबकीय क्षेत्र यांची गुणोत्तरे जुळली, तर हा छोटा झोत ताऱ्याच्या झोतासारखाच वागतो.

महाराष्ट्रात असे काम होते का?
होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लेसरने तयार केलेल्या प्लाझ्मात अवकाशातल्यासारखी चुंबकीय खळबळ दिसली. तो शोधनिबंध २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला.

लातूर-नांदेडचा संबंध काय?
‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यांतली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली, ही कमाई मोठी आहे. मात्र त्या धावपळीत भौतिकशास्त्र हा ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या गुणांपुरता विषय उरला. लायगो-इंडियाला २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या वेधशाळेला लेसर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणन जाणणारी माणसे लागतील. प्लाझ्माच्या प्रयोगशाळेलाही हीच कौशल्ये लागतात.

ती माणसे तयार व्हायला वर्षे जातात. म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी एम.एस्सी.चे प्रकल्प, प्रयोगशाळा भेटी आणि आयटीआयचे लघुअभ्यासक्रम आतापासूनच या कामाशी जोडायला हवेत. नाहीतर वेधशाळा औंढ्यात उभी राहील, शास्त्रज्ञ बाहेरून येतील आणि इथल्या मुलांच्या वाट्याला फाटकावरची राखण तेवढी येईल.