बरगडीखालची मंद वेदना

बरगडीखाली मंद, परंतु महिनोन्‌महिने न हटणारी वेदना ‘गॅसची’ म्हणून अंगावर काढण्याची सवय वृद्धांत सर्रास आढळते. तिचे स्थान व वेळ लक्षपूर्वक पाहिल्यास कारणाचा माग लागतो. कूस बदलताना वा खोकताना दुखणे वाढत असेल, तर बहुधा स्नायू दुखावलेला असतो. पाठीकडून पट्ट्यासारखी पुढे येणारी वेदना ठिसूळ झालेल्या मणक्याची असू शकते. एकाच बाजूस आग होत असेल, तर पुरळ उठण्यापूर्वीची ती नागीणही असते. तेलकट जेवणानंतर उजवीकडून खांद्याच्या पात्याकडे जाणारी कळ पित्ताशयातील खड्यांची शंका निर्माण करते. सांधेदुखीच्या रोजच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, हेही विसरू नये.

मेंढपाळांच्या आपल्या माणदेशात आणखी एक कारण ध्यानी ठेवावे : यकृतातील हायडॅटिड गाठ. कुत्र्याच्या विष्ठेतील कृमीची अंडी हात, पाणी वा भाजीवाटे पोटात जातात आणि गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. ती सोनोग्राफीत दिसते. मेंढीचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्यास घालू नये. हात धुऊनच जेवावे.

दुखणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तपासणी करावी. कावीळ, काळी शौच किंवा घटते वजन दिसल्यास तेवढेही थांबू नये. दम, घाम वा छातीत दडपण आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेही वृद्धांत हृदयविकाराची वेदना पोटाच्या वरच्या भागातही जाणवते. घरच्यांनी दुखण्याची वेळ, जेवण व चालू गोळ्या वहीत टिपून आणाव्यात. त्या नोंदींनी निदानाचे निम्मे काम होते.