बुडालेलें वचन

शस्त्रसंभाराच्या समर्थनार्थ जितके सुबक युक्तिवाद आजवर रचले गेले, तितके दुसऱ्या कोणत्याहि पातकाच्या वांट्याला क्वचितच आले असतील. त्यांतला सांप्रत प्रतिष्ठा पावलेला एक असा : समुद्राच्या पोटांत दडलेलें अण्वस्त्र शांततेचें रक्षक होय, कारण शत्रूला त्याचा ठाव लागत नाहीं, सबब पहिला घाव घालण्याचा मोह त्याला होत नाहीं, आणि धन्यालाहि घाई करण्याचें कारण उरत नाहीं. चीनच्या पाणबुड्यांना हें अनुमान लावून पाहिलें म्हणजे मात्र त्याचा टांका न् टांका उसवूं लागतो.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजीं चीननें पहिला अणुस्फोट केला आणि त्याच दिवशीं जाहीर वचन दिलें कीं, हें अस्त्र आम्ही प्रथम कधींहि वापरणार नाहीं. राजसत्तांच्या वचनांची किंमत ती काय, असें कोणी म्हणेल. परंतु या वचनाला एक दृश्य आधार होता. शांततेच्या काळांत स्फोटक शीर्षें एकीकडे व तीं वाहणारीं क्षेपणास्त्रें दुसरीकडे, अशी व्यवस्था चीननें कित्येक दशकें ठेविली. शीर्षांचें मुख्य कोठार चिनलिंग पर्वतांत, मध्यवर्ती लष्करी आयोगाच्या ताब्यांत. बंदूक माजघरांत आणि दारू परसांतल्या कुलूपबंद खोलींत ठेवणारा गृहस्थ ‘मी रागाच्या भरांत गोळी झाडणार नाहीं’ म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यास कांहीं जागा असते.

पाणबुडींत ही सोय नाहीं. कित्येक आठवडे पाण्याखालीं राहणाऱ्या नौकेला परसांत जातां येत नाहीं. पहाऱ्यावरील क्षेपणास्त्रांना शीर्षें बसविलेलीं नसतील तर तो पहारा निव्वळ नाटक. बसविलेलीं असतील तर चिनलिंगच्या कुलुपाला अर्थ राहिला नाहीं. तिसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. कोणास दिसत असल्यास त्यानें तो अवश्य दाखवावा.

हा पेंच उभा राहण्यास फार वर्षें लागलीं. १९५८ सालीं काम निघालें. अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी १९७४ सालीं नौदलांत आली. आणि तसल्या पाणबुडींतून क्षेपणास्त्र यशस्वी रीतीनें सुटलें तें १९८८ सालीं. (या कामाचे प्रमुख हुआंग शुहुआ यांनीं सुमारें तीस वर्षें आपला व्यवसाय जन्मदात्या आईलाहि कळूं दिला नाहीं. त्यांच्या निष्ठेचा उपहास आम्ही करीत नाहीं. त्या निष्ठेचें चीज कशांत झालें एवढेंच विचारतों.) त्या ‘जूलांग’चा, म्हणजे ‘महातरंगा’चा, पल्ला १७०० किलोमीटरांच्या आसपास होता. आज त्याच नांवाच्या तिसऱ्या पिढीचा पल्ला सुमारें दहा हजार किलोमीटर मानला जातो, आणि नव्या सहा पाणबुड्यांत प्रत्येकीं बारा क्षेपणास्त्रांची जागा आहे. त्यांचा पहारा जवळजवळ अखंड चालतो, असें अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें २०२२ सालीं म्हटलें.

बरें, त्या खरोखर अदृश्य तरी आहेत काय? अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता कार्यालयानें २००९ सालीं त्यांचा आवाज १९७० नंतरच्या दशकांतील सोव्हिएत ‘डेल्टा-३’ पाणबुड्यांपेक्षांहि मोठा ठरविला होता. ज्याच्या पावलांचा आवाज होतो त्याला दूरवर हिंडून लपतां येत नाहीं. त्याला स्वतःचें आंगण लागतें. हैनान बेटाच्या दक्षिण टोकाशीं या पाणबुड्यांचा तळ. पुढें दक्षिण चिनी समुद्र. २०१३ च्या अखेरीपासून स्प्रॅटलींतील सात खडकांवर भराव पडले व कांहींवर धांवपट्ट्या झाल्या. २०१६ सालीं हेग येथील लवादानें चीनचा या समुद्रावरील ऐतिहासिक हक्क नाकारला; चीननें तो निवाडाच नाकारला. मासळी व तेल यांचा लोभ त्यांत आहेच. पण अण्वस्त्रांना सुरक्षित आंगण हवें, हा हेतु नाहीं असें कोण म्हणेल? पहारेकऱ्याला पहारा देण्यासाठीं शेजाऱ्यांचीं परसें बळकावण्याची ही रीत आहे!

आपल्याकडील जे विद्वान् यावर माना डोलावतील, त्यांना आमचा एक प्रश्न आहे. प्रथम न वापरण्याचें वचन भारतानेंहि दिलें आहे, आणि आपल्या ‘अरिहंत’ची पहिली पहाऱ्याची फेरी पुरी झाल्याची घोषणा २०१८ सालीं झाली, तेव्हां घरोघर हर्ष झाला. आज्ञेवांचून अस्त्र सुटणार नाहीं अशा यांत्रिक कड्या पाणबुडींत बसवितां येतात, हें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. परंतु ती कडी पाण्याखालीं असते. चिनलिंगचें कोठार निदान दुरून टेहळतां येत होतें. बीजिंगच्या कडीवर ज्यांचा विश्वास नाहीं, त्यांनीं दिल्लीच्या कडीवर बीजिंगनें कोणत्या आधारें विश्वास ठेवावा?