पिकण्याची वाट

तामसीच्या एका आजीबाईंची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे, आणि तीत आमचाही दोष असल्यामुळे ती सांगणे आम्हांस भाग आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी, मिस्सा आटोपल्यावर, त्या आमच्यापाशी आल्या व म्हणाल्या, "फादर, डाव्या डोळ्यानं धुरकट दिसते. मोतीबिंदू असंल. पिकला की काढून घेईन." शेतात कपाशीची लागवड चाललेली, घरात माणूस मोकळे नाही. आम्हीही मान डोलावली आणि म्हटले, "बरे आहे आजी, वेचणी झाली की पाहू." वेचणी झाली, नाताळही झाला. मग आदिलाबादेस डॉक्टरांनी तपासले, तेव्हा तो मोतीबिंदू नव्हेच, काचबिंदू असल्याचे कळले. डाव्या डोळ्याची गेलेली दृष्टी परत येण्याजोगी नव्हती.

दोन्ही शब्दांत 'बिंदू' आहे एवढ्यावरून लोक त्यांना भावंडे समजतात. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की, डोळ्यात दुसरा विकार नसल्यास, बहुतेकांस उत्तम दिसू लागते. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढून आतील मज्जातंतू सुकत जातो. तो सुकला तो सुकलाच. औषधाचे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखता येते, गेलेली आणता येत नाही. पुष्कळांस तो काहीच दुखवीत नाही. काहींना मात्र दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा लाल होऊन ठणकतो, डोके दुखून उलटी होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. आजींना कडी दिसत होती. आम्ही विचारले नाही.

'पिकू द्या' हा सल्ला आमच्या आजोबांच्या काळचा. तेव्हा गढूळ भिंग पुरते पिकल्यावर काढीत व पुढे जाड भिंगाचा चष्मा देत. आता लहानशा छेदातून काम होते, आणि फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होऊन उलट शस्त्रक्रियाच अवघड करतो. थंडीतच करावी हाही समजच. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते.

आपल्या शेतकरी घरांस तिसरे भय आहे, ते पाल्याचे व काडीकचऱ्याचे. कपाशी वेचताना वा ज्वारी कापताना पान डोळ्यास लागते, बुबुळावर जखम होते, आणि तीत बुरशी शिरली तर पांढरे फूल पडते. पवित्र ग्रंथातील तोबीताच्या डोळ्यांवर चिमण्यांची विष्ठा पडून पांढरे पापुद्रे आले, आणि वैद्य जसजसे मलम लावीत गेले तसतसा अंधार वाढत गेला. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या थेंबांचे आज असेच होते. त्यांत स्टेरॉइड असले तर बुरशी फोफावते. दूध, मध, तूप तर नकोच. तोबीतापाशी महादूत रफाएल आला होता. आपणांस आदिलाबादची बस आहे.

आणि दूर जाण्याचेही आता पूर्वीसारखे भय नाही. १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी हैदराबादेस एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था स्थापिली (ज्यांचे नाव तिला दिले ते चित्रपट-निर्माते होते), आणि तिने खेड्यासाठी उघडलेले पहिले नेत्रकेंद्र १९९६ साली मुधोळ येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात आले. राज्य सरकारची 'कंटी वेलुगु' ही गावोगावच्या नेत्रतपासणीची मोहीमही १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाली होती, आणि २०२३ साली तिचा दुसरा फेरा झाला. चाळिशीचे चष्मे तेव्हा अनेकांच्या नाकावर आले. काहींचे पेटीत आहेत.

कानांविषयी तर आपण अधिकच बेफिकीर. मुलाचा कान वाहतो त्यात काय एवढे, असे म्हणून माउली लसणाचे कढत तेल घालते. वाहणाऱ्या कानाच्या पडद्यास बहुधा छिद्र असते. तेल आणि तळ्याचे पाणी त्यातून आत जाते. कान कोरडा ठेवावा, स्वच्छ कापसाच्या वातीने बाहेरच टिपावा, व डॉक्टरांनी दिलेले थेंब सांगितले तितके दिवस घालावेत. बहुतेक कान याने सुकतात. छिद्र उरलेच तर शस्त्रक्रियेने पडदा जोडता येतो. परंतु पू दुर्गंधी असेल, कानामागे सूज येईल, घेरी येईल वा तोंड वाकडे होईल, तर एक रात्रही दवडू नये. तो सडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मळासाठी काडी किंवा केसांचा आकडा घालू नये. एखाद्यास एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर तेही तातडीचे समजावे, कारण उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

बाप्तिस्म्याच्या विधीत आम्ही बालकाच्या कानांस स्पर्श करून 'एप्फाथा', मोकळा हो, म्हणतो. त्यानंतर ते बालक टाळीने दचकते की नाही, आईच्या हाकेकडे वळते की नाही, हे घरच्यांनी पाहावयाचे. जन्मतः बहिरेपण पहिल्या वर्षात उमगले, तर श्रवणयंत्राने अथवा कानात बसविण्याच्या यंत्राने मूल बोलावयास शिकते. 'बोलेल हळूहळू' म्हणत चार-पाच वर्षे काढली तर ते फार कठीण होते. म्हाताऱ्यांच्या बहिरेपणासही श्रवणयंत्रच उपाय. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी काहींसाठी आम्हांस अख्खे मंदिर रिकामे करावे लागते, हे त्यांच्या मुलांनी ध्यानी घ्यावे.

आजींचा उजवा डोळा शाबूत आहे. थेंबांची कुपी त्या जपमाळेशेजारी ठेवतात, आणि रात्री नातू थेंब घालतो. काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही तपासून घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पुढल्या मंगळवारी आजी तपासणीस जातील. धाकटी बहीण सोबत येणार आहे. आपल्याला काहीच होत नाही, असे तिचे म्हणणे आहे.